पेप्टाइडचा लेप, गुडघ्याचे सिमेंट आणि बिलाचा तपशील

नेरूळचा निवृत्त:
‘पेप्टाइडचा लेप असलेले इम्प्लांट मागून घ्या, त्याला हाड आपोआप धरते, डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत’, ही घोडबंदरकर यांची कालची पोस्ट वाचून गप्प बसवेना. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, प्रथिनाचा जणू छोटा तुकडा. हाड टायटॅनियमला त्याच्याशिवायही धरते. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले ते कोणत्याही लेपाविना. पेशींना पकड देणारी तीन अमिनो आम्लांची आरजीडी ही मालिका १९८४ मध्ये उजेडात आली आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडला चिकटणारे सहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड जपानी संशोधकांनी २००३ मध्ये मांडले. एक टोक धातूला धरणार आणि दुसरे पेशीला बोलावणार, ही कल्पना सुरेख आहे. परंतु शस्त्रक्रियेत धातूला रक्त लागताच अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन अशी प्रथिने त्यावर पसरतात. कल्याणहून भरून आलेल्या लोकलमध्ये ठाण्याला चढणाऱ्याला जशी खिडकी मिळत नाही, तशीच पुढे येणाऱ्या पेशीची अवस्था होते. प्रयोगशाळेतल्या बशीत ही गर्दी नसते.

घोडबंदरकर:
आपल्या व्यासंगाला नमस्कार. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिचा गुडघा बदलल्यावर कोणता धातू बसवला असे मी विचारले, तेव्हा ‘चांगल्यातला आहे, इम्पोर्टेड आहे’ एवढेच उत्तर मिळाले. खोक्यावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले होते आणि केसपेपर रुग्णालयातच राहिला. जिथे धातूचे नाव सांगत नाहीत, तिथे लेपाचे कोण सांगणार?

तीन पेट्रोल पंपवाले:
प्रत्येक वेळी डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे थांबवावे. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरवली. लपवून मिळवण्यासारखे आता उरले आहे काय?

घोडबंदरकर:
मर्यादा इम्प्लांटच्या किमतीवर आहे. खोली, शस्त्रक्रियागृह आणि ‘इतर साहित्य’ यांवर नाही. आमच्या बिलात त्या ‘इतर’चा आकडा ठळक होता आणि तपशील एका ओळीचाही नव्हता. आपल्या घरी कोणाचा गुडघा बदलला आहे का?

तीन पेट्रोल पंपवाले:
वडिलांचे दोन्ही बदलले आहेत. मी स्टिकरची प्रत मागितली आणि ती मिळाली. मागायची कशी हेही कळावे लागते.

घोडबंदरकर:
म्हणजे दोष पुन्हा रुग्णाच्या मुलाचाच! धन्य आहे.

नेरूळचा निवृत्त:
बिलाचे भांडण रास्त असेल, पण त्यात एक गोष्ट राहून गेली. बहुतेक गुडघे हाडाच्या सिमेंटने बसवतात, म्हणजे धातू आणि हाड यांच्यामध्ये सिमेंटचा थर असतो. तिथे हाडाला बोलावणारा लेप धातूवर लावला तरी हाडाची आणि त्याची गाठ पडणार कशी? आपल्या मातोश्रींचा गुडघा सिमेंटचा असेल, तर हे पेप्टाइड मागण्यात अर्थ नव्हता.

वाशीची दंतवैद्य:
निवृत्त महाशयांचे गुडघ्याबाबतचे म्हणणे बिनतोड आहे, परंतु त्यावरून सगळा विषय निकालात काढणे मला पटत नाही. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात; इम्प्लांटभोवती ते बहुधा पृष्ठभागाला समांतर जातात, त्यामुळे जंतूंना खाली उतरण्याची वाट सोपी होते. हाड उत्तम धरलेले इम्प्लांट हिरडीतून बिघडून परत आलेले मी पाहिले आहे आणि त्या रुग्णाला घासण्याची सवय नव्हती असे म्हणून मोकळे होता येत नाही. हिरडीची पेशी दाताला ज्या लॅमिनिन या प्रथिनाने धरून असते, त्याचे तुकडे टायटॅनियमवर बसवण्याचे प्रयोग म्हणूनच महत्त्वाचे आहेत. आणि ब्रोनेमार्क यांचेही म्हणणे उत्तर अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या गळी उतरायला १९८२ची टोरांटो परिषद उजाडावी लागली होती, हे आपण सोयीने वगळलेत.

नेरूळचा निवृत्त:
हिरडीपुरते मानतो, नाइलाजाने. मात्र प्रयोग महत्त्वाचा असणे वेगळे आणि ‘मागून घ्या’ असे सांगणे वेगळे. पी-१५ या पेप्टाइडला २०१५ मध्ये अमेरिकेत मानेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी मान्यता मिळाली, पण ते हाडाच्या खनिजाच्या कणांवर बसवलेले असते, धातूवर नव्हे. शिवाय लेप लावलेले इम्प्लांट निर्जंतुक करताना उष्णतेने पेप्टाइडच बिघडले, तर रुग्ण पैसे कशाचे मोजणार?

घोडबंदरकर:
‘इतर साहित्या’चे, साहेब. ते आम्ही आधीच मोजले आहेत.

वाशीची दंतवैद्य:
तेवढे केसपेपरवरचे स्टिकर मिळवून त्याचा फोटो ठेवा. दुसरा गुडघा करताना त्यावरचा लॉट क्रमांक आणि मॉडेल शल्यविशारद आधी विचारतील.