मुलाची बोट हिवाळाभर टोरांटोत पाण्यातच राहणार आहे. काय काय सांभाळायचं?

हिंगणारोड_डिझेल

नमस्कार मंडळी. मी एसटीच्या हिंगणा रोडवरच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि बसवली. आता रिटायर. इंजिनाचं काही असेल तर मला विचारा, बर्फाचं मला काही कळत नाही, म्हणून इथे लिहून राहिलो.

मुलगा टोरांटोला असतो. मागच्या साली त्यानं एक जुनी शिडाची बोट घेतली. २८ फुटी, फायबरची, आत यानमार कंपनीचं दोन सिलिंडरचं लहानसं डिझेल इंजिन. यंदा दिवाळीला घरी आला आणि तेवढ्यात तिकडे क्रेननं बोटी बाहेर काढायचे दिवस संपले. परत गेला तर आवारात जागा शिल्लक नाही, आता एप्रिलमध्येच बघू म्हणे. त्यानं मला फोन केला, "बाबा, काय करू?" मी खामल्यात सकाळी तर्री-पोहे खात होतो. म्हटलं, "राहू दे ना पाण्यातच. होडी पाण्यातच बरी असते." आणि दुसरी प्लेट मागवली.

हे ज्ञान कुठलं, तर माझं आजोळ भंडाऱ्याकडे. वैनगंगेच्या काठावर ढिवरांचे फळ्यांचे डोंगे असायचे. उन्हाळ्यात डोंगा काठावर पडून राहिला की फळ्या वाळतात, जोडावर फटी पडतात, मग पुन्हा पाण्यात घातला की आधी तोच पाणी पितो. म्हणून ते लोक डोंगा पाण्यातच ठेवत, कधी दगड भरून चक्क बुडवून ठेवत. लहानपणी पाहिलेलं डोक्यात घट्ट बसलं.

रात्री अंथरुणात पडल्यावर उजेड पडला. नागपूरची थंडी ती किती? २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश झालं होतं, आमच्या गल्लीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. तरी फुटाळा तलावाचं पाणी पाणीच होतं. तिकडे उणे १५, उणे २० होतं. आणि या यानमारला रेडिएटर नाही, तळ्याचंच पाणी ओढून ब्लॉकमधून फिरवून मागे फेकतं. ते पाणी आत राहिलं आणि गोठलं तर ब्लॉकचं काय होईल हे मला कुणी सांगायची गरज नाही.

पण बाकीचं सांगा. बर्फानं बोट दाबली जाते का? तळाला पाणी आत-बाहेर करायची भोकं किती, कुठली बंद, कुठली उघडी? पोराला मीच भरीला घातलं, आता मलाच निस्तरायचं आहे.

कुडकुडे_टोरांटो

काका, नमस्कार. मी मूळची धरमपेठची. इथे आमची बोट आठ हिवाळे पाण्यात काढून बसली आहे, तेव्हा आधी श्वास घ्या. इथे काही लोक हिवाळाभर बोटीतच राहतात. जमतं. फक्त बांधून घरी जाऊन विसरता येत नाही.

इथलं ओंटारियो सरोवर फार खोल आहे, मधलं पाणी क्वचितच पूर्ण गोठतं. धक्क्यातलं उथळ, शांत पाणी मात्र गोठतं. जागेवर शांतपणे जमलेला बर्फ फायबरच्या गोलसर बोटीला सहसा फोडत नाही. वाईट असतो तो हलणारा. वारा सुटला की लाद्या सरकतात आणि पाण्याच्या रेषेवर करवतीसारख्या घासतात. म्हणून बोटीभोवती थोडं पाणी मोकळं ठेवायचं.

ते कसं, हे नागपूरकराला सांगायला सोपं आहे. गोडं पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं. म्हणजे वर बर्फ असला तरी तळाशी त्यातल्या त्यात गरम पाणी बसलेलं असतं. आपल्या कूलरचा पंप कसा टाकीतलं पाणी वर चढवतो? तसाच इथे एक पंखेवाला मोटरपंप दोरांनी बोटीखाली टांगतात. तो खालचं पाणी वर ढकलतो, बोटीभोवती बर्फ धरत नाही. त्याला थर्मोस्टॅट लावा, नाहीतर विजेचं बिल बघून मुलगा बोट विकेल.

आता महत्त्वाचं. आमच्या शेजारची बोट एका फेब्रुवारीत बुडाली, आणि तिच्या तळाला ओरखडासुद्धा नव्हता. मागच्या बसायच्या खोलगट भागात ओला हिमवर्षाव साचत गेला, त्याचे ड्रेन गोठले, ओझ्यानं बोट मागून खाली बसली. बिल्ज पंप म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, त्याच्या पाइपाचं तोंड एरवी पाण्याच्या वर असतं, ते पाण्याखाली गेलं आणि त्याच पाइपातून तळं आत यायला लागलं. मालक तीन आठवडे फिरकला नव्हता. तेव्हा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी जाऊन उपसायचा. प्लास्टिकच्या फावड्यानं, लोखंडी नको.

ऑरेंजसिटी_रायडर

काका टेन्शन नका घेऊ. गाडीत टाकतो ते हिरवं कूलंट इंजिनात भरून द्या, झालं काम. लडाखला बुलेट घेऊन गेलो होतो, काही झालं नाही.

सेकंड_इंजिनिअर

रायडरभाऊ, बुलेट हवेवर थंड होते. तिच्यात कूलंट असतंच कुठे?

काका, हिरवं बिलकुल नको. ते इथिलीन ग्लायकॉल, विषारी. या इंजिनात जे भराल ते वसंतात पहिल्या स्टार्टला थेट तळ्यात जाणार. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी मिळतं, ते घ्यायला सांगा. डब्यावर उणे ५० लिहिलेलं पाहून खूश होऊ नका. तो आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, आणि तेवढ्या थंडीपर्यंत पाइप फुटणार नाही एवढाच त्याचा अर्थ. लगदा त्याच्या पुष्कळ आधी होतो. शिवाय आत उरलेलं पाणी त्यात मिसळलं की ते पातळ पडतं. म्हणून आधी शक्य तेवढं पाणी काढा, मग भरा, पाणी घालून वाढवू तर मुळीच नका.

तळाच्या भोकांचं: खोलगट भागाचे ड्रेन सोडून बाकी सगळे व्हॉल्व्ह बंद. बॉल व्हॉल्व्ह असेल तर एक मेख आहे. बंद केल्यावर गोळ्याच्या पोटात चमचाभर पाणी अडकून राहतं, ते गोठलं तर व्हॉल्व्हचं अंगच तडकू शकतं. बंद करण्याआधी वरून गुलाबी ओतायचं, मग फिरवायचं. होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, क्लिपा हातानं ओढून बघा, गंजलेल्या बदला.

आणि विम्याची पॉलिसी काढून वाचायला सांगा. कित्येक पॉलिसींत हिवाळ्यात बोट जमिनीवर हवी अशी अट असते. ती तशी असेल तर कंपनीला आजच कळवा, बुडाल्यावर नको. बॅटरीचं तुम्हाला मी काय सांगू.

हिंगणारोड_डिझेल

बॅटरीचं मी सांगतो. भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठते आणि डबा फोडते. आमच्याकडे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनं १.२६५ दाखवल्याशिवाय बॅटरी गाडीवर चढत नसे. बिल्ज पंप तिच्यावरच चालणार म्हटल्यावर चार्जर लावून ठेवायला सांगतो.

गुलाबीबद्दल एक शंका. लोक म्हणतात बादलीत गुलाबी घ्या, पाण्याचा होज बादलीत सोडा, इंजिन चालू करा, एक्झॉस्टमधून गुलाबी आलं की बंद करा. पण इंजिन थंड असताना त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावरच उघडणारी झडप, बंद असतो. मग पाणी बायपासनं परस्पर बाहेर जाईल, मागून गुलाबी दिसेल आणि ब्लॉकमध्ये मात्र तळ्याचंच पाणी बसून राहील. बरोबर बोलून राहिलो ना?

सेकंड_इंजिनिअर

शंभर टक्के बरोबर. पुष्कळ ब्लॉक असेच फुटतात. आधी गरम करा, मग बादली. त्याहून चांगलं म्हणजे ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून पाणी सोडून द्या. एक्झॉस्टच्या खाली वॉटरलॉकचा डबा असतो, त्यातही पाणी साचतं, तो विसरू नका.

भंडारा_पवनी

काका, आमच्याकडे बर्फ फक्त लग्नाच्या पंगतीत आणि रसवंतीत. पण डोंग्याचं तुम्ही बरोबर सांगितलं, आमचे आजोबा अजूनही उन्हाळ्यात ओलं पोतं टाकून ठेवतात. फायबरचं उलटं हाय ना? त्याले फटीच नाही तर पाण्यात ठेवून फुगवायचं काय? त्याले सुकवलेलंच चांगलं.

हिंगणारोड_डिझेल

हो बाप्पा, आता कळलं. पन्नास वर्षं उशिरा.

तर काय केलं ते सांगतो. तिकडे शनिवारचे दुपारचे दोन, इकडे रात्रीचे साडेबारा. मुलानं मोबाइल इंजिनाशेजारी उभा करून ठेवला. त्याची आई म्हणे, झोपा आता. म्हटलं, इंजिन चालू आहे, झोपतो कसा.

आधी तेल बदलायला लावलं. वापरलेल्या तेलात आम्ल होतं, ते पाच महिने बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत हवा नाही, हवेतला ओलावा नाही. मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून तळ्याच्याच पाण्यावर इंजिन चालवलं. पाच मिनिटांत पोरगा म्हणतो, झालं गरम. आवाजावरूनच कळत होतं की झालं नाही, थंड डिझेल टकटक करतं. म्हटलं, हेडला हात लाव. हात ठेवून उभा राहू शकला. अजून दहा मिनिटं. मग हात झटकला तेव्हा बंद करायला सांगितलं.

ड्रेन कॉक उघडला तर थेंब नाही. पोरगा खूश, बाबा, आत पाणीच नाही. असं होत नसतं. गंजाच्या पापुद्र्यानं कॉक बुजतो. आमच्याकडे जुन्या गाड्यांच्या ब्लॉकचे कॉक असेच बुजायचे, सायकलचा स्पोक घालून मोकळे करायचो. त्याच्याकडे स्पोक कुठला, कपडे टांगायचा तारेचा हँगर निघाला. तो सरळ करून खुपसला तर आधी तांबडा चिखल आला, मग चांगलं दोन लिटर पाणी. ते तसंच राहिलं असतं तर?

कॉक बंद केला, होज बादलीत सोडला, पुन्हा स्टार्टर मारला. दोन डबे गेले तरी मागून गढूळच. तिसऱ्यात गुलाबी आलं, मग घट्ट गुलाबी. बंद. इंपेलर, म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, काढून घ्यायला लावला, आणि चावीला चिठ्ठी बांधली: इंपेलर काढला आहे, चालू करू नये. आमच्या शेडचा नियम. एप्रिलमध्ये कुणाच्या लक्षात राहतं?

व्हॉल्व्ह बंद झाले, तो पंखेवाला पंप टांगला, दोर डबल केले, घासतात तिथे जुना होज चिरून चढवला. विम्यात खरंच अट निघाली. कंपनीनं थोडे जास्त पैसे घेऊन पाण्यात राहायची परवानगी लिहून दिली. इंजिनिअरभाऊ, तुमचे उपकार.

एकच राहिलं. त्यानं निळी ताडपत्री आणून रेलिंगला बांधली आहे, तर म्हणतो वाऱ्यानं रात्रभर फडफडते आणि मध्ये बर्फाची झोळी होते. त्याला काय करावं?

कुडकुडे_टोरांटो

रेलिंगला नको, तिथे ती फाटणारच. मधोमध उंच दांडा आणि दोन्ही बाजूंना उतार अशी लाकडी चौकट करायला सांगा, आपल्याकडे मांडवाची करतात तशी. उतार चांगला तीव्र, म्हणजे बर्फ आपणच घसरतो. ताडपत्रीचे दोर बोटीच्या पोटाखालून घेऊन पलीकडच्या बाजूला आवळायचे. दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवा, नाहीतर आत घाम येऊन गाद्या बुरसटतात. आणि आत विजेचा हीटर लावून निघून जाऊ नको म्हणावं, आग अशीच लागते.

मी रविवारी माझ्या बोटीवर जाणारच आहे. मुलाला माझ्या आयडीवर निरोप टाकायला सांगा, चौकट दोघं मिळून करू. तोपर्यंत एकट्यानं धक्क्यावर जायचं नाही. फळ्यांवर दिसत नाही असा बर्फ असतो, आणि या पाण्यात पडल्यावर काही मिनिटांत हात बधिर होतात, वर चढता येत नाही. बोटीची शिडी आत्तापासूनच पाण्यात सोडून ठेवायला सांगा.