सेकंडहँड कॅमेरा ड्रोन घ्यायचाय, लायसनचं नक्की काय असतं?

पायवाट
नमस्कार मंडळी, ट्रेकचे व्हिडिओ करायला कॅमेरा ड्रोन घ्यायचा बऱ्याच दिवसांपासून मनात आहे, नवीन परवडत नाही म्हणून वापरलेला बघतोय. एका ओळखीच्यांच्या ओळखीत एक मिळतोय, तीन बॅटऱ्या, रिमोट, बॅग सगळं देतोय, दिसायला एकदम स्वच्छ आहे. वजन विचारलं तर "साधारण सहाशे ग्रॅम असेल" म्हणाला. बिल मागितलं तर घर बदलताना हरवलं म्हणे. लायसनचं विचारलं की म्हणतो छोटा आहे, काही लागत नाही, घे आणि उडव.
आता मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक म्हणजे खरंच काही लागत नाही का? आणि दुसरं, मशीन चांगलं आहे की नाही हे माझ्यासारख्या नवख्याने कसं ओळखायचं? पुढेमागे कुणी पैसे देऊन शूट करायला बोलावलं तर तेही करायची इच्छा आहे. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

गिरकी
पायवाट, ॲडव्हान्स दिला नसशील तर अजिबात देऊ नकोस, आधी हे वाच.
आपल्याकडे सध्या ड्रोन नियम २०२१ चालतात, ऑगस्ट २०२१ मध्ये आले आणि नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या. त्यात सगळं वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, पुढचे आपल्या कामाचे नाहीत. तुझा सहाशे ग्रॅमवाला म्हणजे सरळ मायक्रो. हे वजन उडताना जेवढं असतं तेवढं धरायचं, म्हणजे बॅटरी, कॅमेरा, वरून लावलेला लाइट, प्रोपेलर गार्ड सगळं धरून.
"लायसन लागत नाही" हे तो अर्धं खरं सांगतोय. रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे तू म्हणतोस ते लायसन, नॅनोला लागत नाही, आणि मायक्रो स्वतःच्या हौसेसाठी उडवलास तरी लागत नाही. पण मायक्रोवर पैसे घेऊन शूट केलंस की सर्टिफिकेट लागलंच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्थेतून कोर्स. एकदा मिळालं की १० वर्षं चालतं.
आणि जे तो सांगतच नाहीये ते म्हणजे यूआयएन. ड्रोनचा रजिस्ट्रेशन नंबर, गाडीच्या नंबरासारखा. गाडी विकली की आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर होतं ना, तसंच ड्रोन विकताना यूआयएन तुझ्या नावावर करून घ्यावा लागतो, त्याला फॉर्म डी-३ असतो, ऑनलाइन भरायचा. त्याच्याकडे यूआयएनच नसेल तर तुझ्या नावावर करणार काय? म्हणून त्याला फक्त एवढंच विचार: "यूआयएन किती आहे?" उत्तर काय येतं बघ.

जुना_पंखा
गिरकी बरोबर बोलतोय, त्यात एक भर घालतो कारण मी स्वतः यात अडकलोय. यूआयएन नसेल तर "आपण नंतर काढून घेऊ" हा विचार डोक्यातून काढून टाक. नॅनोच्या वरच्या ड्रोनला यूआयएन हवा असेल तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (मॉडेल तपासून दिलेली सरकारी मान्यता) लागतं, आणि परदेशातून बॅगेत घालून आणलेल्या बहुतेक कॅमेरा ड्रोनना ते नसतं. जुन्या ड्रोनसाठी सर्टिफिकेटशिवाय नोंदणीची एक सवलत होती, ती २०२१ च्या शेवटाला संपली. वर फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायलाच बंदी आहे, संशोधन, संरक्षण वगैरे सोडून. म्हणजे त्यानंतर बाहेरून आलेला माल आला कसा हाही प्रश्नच. मी घेतलेला ड्रोन मशीन म्हणून उत्तम होता, कॅमेरा फार सुंदर, पण कागद नाही म्हणून आज कपाटात पडून आहे, आणि तसाच दुसऱ्याच्या गळ्यात मारायला मन होत नाही.
नियम मोडला तर १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही लक्षात ठेव.

मधली_काडी
कागदांचं वरच्यांनी सांगितलंच आहे, मी मशीनचं सांगते, रिपेअरचं काम करते म्हणून रोज हातात येतात हे.
पहिली बॅटरी. काढून काचेच्या टेबलावर सपाट ठेव आणि एका कोपऱ्यावर बोटाने हलकं दाब. डुगडुगली तर पोट फुगलंय, ती बॅटरी हवेत न्यायची नाही, मग ॲपमध्ये कितीही टक्के दिसू देत. तिन्ही बॅटऱ्या अशाच बघ. नंतर एकेक लावून ॲपमध्ये चार्ज सायकल, म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा चार्ज होऊन वापरली गेली ते बघ, आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज दिसत असेल तर तेही. सेल एकमेकांच्या जवळपास हवेत, एक सारखा मागे पडत असेल तर हवेत असताना अचानक दगा देतो. विकणारे प्रोफाइलमधले उड्डाणाचे तास दाखवतात त्यावर जाऊ नकोस, ते बहुतेक वेळा त्याच्या अकाउंटचे असतात, त्या ड्रोनचे असतीलच असं नाही. सायकलचा आकडा जास्त भरवशाचा.
मग पंखे काढून चारही मोटर बोटाने सावकाश फिरव. सगळ्या सारख्याच फिरल्या पाहिजेत. एखादीत बारीक करकर लागली की वाळू गेलीय किंवा बेअरिंग गेलंय. समुद्रावर उडवलेल्या ड्रोनचे स्क्रू बघ, गंज तिथे आधी दिसतो. हात जिथे दुमडतात त्या सांध्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका मार, केसाएवढी चीर असेल तरी दिसते, मी तर भिंगाने बघते.
गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा भाग. चालू केल्यावर कॅमेरा एकदा इकडे तिकडे वळून सरळ थांबला पाहिजे. थरथरत असेल किंवा क्षितिज तिरकं येत असेल तर आधी कॅलिब्रेट करून बघा, तरी जात नसेल तर पडलेला आहे असं समजा. गिंबलचं काम खर्चिक असतं.
शेवटी उडवून बघायचंच, दोन मिनिटं नाही तर एक अख्खी बॅटरी. डोक्याच्या थोडं वर एका जागी स्थिर धर, वारा नसताना वाहवत जातो का बघ, मग थोडा लांब नेऊन रिटर्न टू होम दाब, तो आपोआप निघालेल्या जागी परत आला पाहिजे. आणि पैसे द्यायच्या आधी त्याने त्याच्या अकाउंटमधून ड्रोन तुझ्यासमोर काढून टाकायला हवा. हे फार जण विसरतात आणि मग जुना मालक फोन उचलत नाही.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल त्याला यूआयएन विचारला. आधी म्हणाला ते काय असतं, मग म्हणाला "अहो कुणी विचारत नाही". वजनकाटा घेऊन गेलो होतो, बॅटरीसकट ५७० भरलं. ताई, तुम्ही सांगितल्यासारखं बॅटऱ्या काचेवर ठेवून बघितल्या, दोन ठीक, तिसरी चक्क भोवऱ्यासारखी फिरली. त्याला नम्रपणे नाही म्हणून आलो.
आता २४९ ग्रॅमवाला बघू का? त्याला उडवायला तरी कुठेही चालतं ना?

गिरकी
कुठेही नाही रे. वजन कमी म्हणून पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी इन्शुरन्समधून सूट आहे, आकाशातून नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा नकाशा उघडून जागा बघायची, हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये असशील तर २०० फुटांपर्यंतच. त्याहून जवळ गेलास की पिवळा, तिथे परवानगी काढावी लागते, आणि लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बॅग उघडायचीच नाही. नकाशा निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघ, कारण तात्पुरते लाल भागही जाहीर होतात. शिवाय स्थानिक पोलिसांचा वेगळा आदेश असू शकतो, तोही विचारून घे.

मधली_काडी
आणि २४९ वाला घेताना बॅटरी कुठली आहे बघ. काही मॉडेलना जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी मिळते, ती लावली की वजन २५० च्या वर जातं आणि ड्रोन मायक्रोत जातो. जुने मालक हौसेने तीच विकत घेतात आणि तीच सोबत देतात. काटा पुन्हा घेऊन जा.

पायवाट
काटा बॅगेतच ठेवलाय ताई. रविवारी एक बघायला जातोय, यावेळी फोनवरच बिल आणि बॅटरीचा फोटो मागवून घेतला, दोन्ही आलेत.