मदत हवी आहे: एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) औषधांचा खर्च कसा पेलता?

बहिणीला रिलॅप्सिंग-रेमिटिंग (मधूनमधून उसळून परत ओसरणारा) एमएस आहे, फिंगोलिमॉड चालू आहे. गुण चांगला आहे, पण खर्च आता झेपेनासा झालाय. नुसती गोळी नाही हो, एमआरआय, लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघायला रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी, सगळंच मागे लागतं. आमचा विमा भरती झाल्याशिवाय पैसे देत नाही. औषध एकदम सोडलं तर आजार उसळू शकतो, म्हणजे ती वाटही बंद.

डॉक्टर रिटुक्सिमॅब सुचवतायत: साधारण सहा महिन्यांनी सलाइनमधून. एमएससाठी ते अधिकृत नाही, तरी बरेच न्यूरॉलॉजिस्ट देतात आणि बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं त्याच्यासारखंच औषध) स्वस्त पडतं. असा बदल कुणी केलाय का? एका दिवसाच्या भरतीचा क्लेम पास झाला? की ‘अधिकृत वापर नाही’ म्हणून नाकारला? जेनेरिक फिंगोलिमॉडवर कुणी असेल तर तोही अनुभव सांगा. औषधकंपनीच्या सवलत योजनेला कागदपत्रं कोणती लागली?