नंबर −५ आहे, कॉन्टॅक्ट लेन्स ऑनलाइन मागवू का?

राजारामपुरीकर: मंडळी, बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि तिला फोटोत चष्मा नकोय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडं मंथली (महिनाभर वापरायच्या) लेन्सचा बॉक्स इथल्यापेक्षा बराच स्वस्त दिसालाय, पण त्यानं प्रिस्क्रिप्शन मागितलंच नाही, नुसता चष्म्याचा नंबर टाका म्हणालाय. दोन्ही डोळे −५. मागवू का?

शाहूपुरीची ताई: थांबा दादा, मी चष्म्याच्या दुकानातच काम करते म्हणून सांगते. चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा नंबर असं नसतंय. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळं ४ च्या वर गेलं की फरक पडतो, −५ ला लेन्स बहुतेक −४.७५ येते. शिवाय बेस कर्व्ह म्हणजे लेन्सचा बाक (८.४, ८.६ असं काहीतरी) आणि डायमीटर म्हणजे तिची रुंदी डोळा बघूनच ठरतात, लेन्स घट्ट बसली की संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक. आधी इथं फिटिंग करून कागदावर लिहून घ्या, मग कुठनं पण मागवा, पण तोच ब्रँड आणि तेच आकडे. आणि लग्नापुरतंच असेल तर मंथली कशाला, डेली घ्या की, एक दिवस घालून टाकून द्यायच्या.

जुना बुधवारवाला: भावा, मी फसलोय म्हणून कळकळीनं सांगतोय. बॉक्सवर एक्सपायरीच्या जागी वेगळाच स्टिकर होता, नखानं उचकटला तर खाली जुनी तारीख, पण ते बघितलं कधी, तर चार दिवस लेन्स घालून डोळ्यातनं पाणी यायला लागल्यावर. उजेड सहन होईना, डॉक्टर म्हणाले बुबुळावर जखम झालीय, पंधरा दिवस थेंब घातले. तवा बॉक्स आला की आधी सील बघ, लॉट नंबर आतल्या पाकिटावर तोच आहे का बघ, बाहेरच्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि लायसन्स नंबर असतोय, नसेल तर परत पाठव.

शाहूपुरीची ताई: बरोबर. आणि नळाच्या पाण्यानं लेन्स अजिबात धुवायची नाही, त्यातल्या अमिबानं डोळा जाऊ शकतो. हळदीचे हात तर लांबच ठेवा, लेन्स पिवळी पडते. मेकअपच्या आधी लेन्स घालायची.

राजारामपुरीकर: ताई, शनिवारी तिला घेऊन जातो फिटिंगला. डाव्या डोळ्याला सिलिंडर (बुबुळाच्या वाकड्या गोलाईचा नंबर) पण आहे, −१.२५.

शाहूपुरीची ताई: अहो, ते आधी सांगायचं की! मग त्या डोळ्याला टोरिक, म्हणजे सिलिंडरवाली लेन्स लागणार, त्यात अ‍ॅक्सिस (सिलिंडरचा कोन) पण जुळायला लागतो. जुना कागद सोबत न्या.