पुण्यापासून दोन दिवसांची राइड : घाट, जंगल, पाणी पाहिजे, हायवे नको

कोथरूडचा_पेडल:
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आम्ही तिघं मित्र दोन दिवसांची राइड मारायचं म्हणतोय. सिंहगड, पानशेत झालंय आणि मुळशीला तर आता रस्त्यातली कुत्री पण ओळखतात, त्यामुळे जरा लांब आणि शांत काहीतरी पाहिजे. डोक्यात असं आहे की सायकली गाडीत टाकून सातारा, तिथून कास, बामणोली, मग लाँचने तापोळा, तिथून महाबळेश्वर चढायचं आणि केळघर-मेढामार्गे परत सातारा. मॅपवर सगळं मिळून १२० किमीच्या आसपास दिसतंय म्हणून आमच्यातला एक जण म्हणतोय एका दिवसात उरकू, दुसरा म्हणतोय अरे घाटात चहा तरी पिऊ दे.
सायकली तिन्ही रोड बाइक, टायर २५ मिमीचे, पुढच्या चकत्यांना ५०/३४ दात, मागच्यांना ११ ते २८. लाँचवाले सायकल घेतात का, लूप सरळ मारायचा की उलटा, आणि ह्या गिअरवर चढ जमेल का एवढंच सांगा.

सातारकर_कंदी:
एका दिवसात उरकायचं असेल तर हायवेनेच कोल्हापूरला जा की, इकडे कशाला येताय 😄
दोन दिवसच ठेवा. साताऱ्यातून बोगद्याच्या बाजूने निघालात की लगेच यवतेश्वरचा घाट सुरू होतो, सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळतात तोच. चढ फार क्रूर नाही पण वॉर्मअपला जागाच नाही, त्यामुळे शहरात आधी दोन-चार किमी पाय मोकळे करा. घाट संपला की वाटतं झालं, तसं नसतं, पुढे कासपर्यंत रस्ता वर-खाली करत चढतच राहतो. सातारा ते कास साधारण २५ किमी आणि पठार समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास. पठार ओलांडून थोडं खाली गेलं की उजव्या-डाव्या झाडीत कास तलाव, साताऱ्याला पाणी पाजणारा. पहिला लांब हॉल्ट तिथे घ्या, पठारावर नको, वारा सायकलसकट ढकलतो.
आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी चुकूनसुद्धा येऊ नका. २०१२ मध्ये कास जागतिक वारशात गेलं तेव्हापासून फुलांच्या सीझनला ह्या रस्त्यावर गाड्यांची जत्रा असते. तुम्ही दिवाळीनंतर येताय ते बरोबर आहे, फुलं संपलेली असतील पण झरे वाहते आणि तलाव भरलेला.
लूप सरळच मारा. उलटा मारला तरी चढ एकूण तेवढाच पडतो, पण मग महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमधून सुटून उतरून तापोळ्याला पोचेपर्यंत दुपार कलते आणि अंधार पडायला लागला की लाँच मिळत नाही. सरळ मारलात तर सकाळी सहाला निघून बारा-एकपर्यंत आरामात बामणोली.

मीनल_घाटवाटा:
लाँचचं मी सांगते, आम्ही बायकांच्या ग्रुपने हाच रूट केलाय. सायकल घेतात, पण भाडं आधी ठरवा, माणसांचं वेगळं आणि सायकलींचं वेगळं, नंतर मध्यात पाण्यावर घासाघीस नको. पुढचं चाक काढायचं, चेन आणि डिरेलरची (मागचा गिअर बदलणारा भाग) बाजू वर येईल अशी सायकल आडवी ठेवायची, खाली जुनी चादर. लाँचवाल्या काकांना सायकल इंजिनच्या पेटीला टेकवून उभीच ठेवायची असते, त्यांना गोड बोलून नको म्हणायचं, कारण लाँच वळली की ती डिरेलरवरच पडते. आणि चाकाचा स्क्यूअर (चाक धरून ठेवणारा दांडा) खिशात घाला हो, तळाशी पाणी साचलेलं असतं, त्यात पडला तर शोधत बसाल.
दिवाळीच्या सुमाराला पाणी भरलेलं असतं म्हणून धक्क्यापासून थेट चढता येतं. हेच एप्रिल-मेमध्ये गेलात तर पाणी पार खाली गेलेलं, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून चिखल तुडवत सायकल खांद्यावर. कोयना धरणाची भिंत तिकडे कोयनानगरला, आणि पाणी आत शिरत शिरत इथे तापोळ्यापर्यंत, ह्याच जलाशयाला शिवसागर म्हणतात. बामणोलीच्या एका आजोबांनी आम्हाला हात करून दाखवलं होतं की त्यांचं जुनं शेत कुठे होतं ते, तिथे आता नुसतं पाणी.
लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही.

गिअरबाबा:
११-२८ वर जमेल का? जमेल, पण दुसऱ्या दिवशी गुडघे शिव्या देतील. साधा हिशोब बघा, पुढच्या ३४ ला मागचं २८ लावून ६०च्या कॅडन्सने (मिनिटाला पेडलचे ६० फेरे) पाय फिरवले तर स्पीड येतो ताशी ९ किमीच्या वर. चढ ८-९ टक्क्यांचा झाला आणि तुमच्यात तेवढा दम नसला की कॅडन्स ४५वर येतो आणि मग सगळा जोर गुडघ्यावर. तेच मागे ३४ लावलं तर त्याच ६० कॅडन्सला साडेसात किमीने चालता येतं. शिवसागरचं पाणी भरलेलं असताना ६६० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणजे तापोळ्यापासून २५-२७ किमीत जवळपास ७०० मीटर चढ. सरासरी काढली तर अडीच टक्केच दिसतात आणि लोक तिथेच फसतात, कारण रस्ता सरळ चढत नाही, मध्ये सपाट आणि उतार येतात आणि उरलेला चढ त्या मानाने तिखट होतो.
कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी मागचा डिरेलर बघा. शिमानो १०५ आर७००० चा शॉर्ट केज (डिरेलरचा खालचा हात आखूड) असेल तर ३० पर्यंतच, मीडियम केज असेल तर ३४ चालतं. दुकानदार म्हणेल बसतंय साहेब, बसेलही, पण चेनची लांबी तपासल्याशिवाय निघू नका. टायर २८चे बसत असतील तर बसवाच, कास ते बामणोली उतारावर रस्ता अरुंद आणि कडा तुटलेल्या, २५ला १०० पीएसआय इतकी कडक हवा मारून उतरलात तर दात हलतील.

ताम्हिणीप्रेमी:
एवढं लाँच, कॅसेट, चादर कशाला? घरून निघा, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, माणगावला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. पाणी आहे, जंगल आहे, अभयारण्य आहे, गाडी लागत नाही. ज्या तलावाच्या कडेने जाता तो टाटांच्या धरणाचा, शंभर वर्षांपूर्वी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो हाच. रोड बाइकला ह्याच्यापेक्षा चांगला रूट पुण्याजवळ नाही असं माझं मत.

सातारकर_कंदी:
@ताम्हिणीप्रेमी, दादा, मंगळवारी सकाळी मान्य. पण वीकेंडला ताम्हिणीत गाडीच्या खिडकीतून बाहेर डोकं काढून रील काढणारी पोरं आणि ओव्हरटेक करणारे ट्रॅव्हल्सवाले, त्यात २५चा टायर घेऊन कुठे जाणार? शिवाय त्यांनी वरच लिहिलंय मुळशीची कुत्री ओळखतात म्हणून.

ताम्हिणीप्रेमी:
हा हा, कुत्र्यांपुढे काही बोलता येत नाही.

कोथरूडचा_पेडल:
सगळ्यांचे आभार, एका दिवसवाल्याला गिअरबाबांचा हिशोब पाठवला, तो आता गप्प आहे. माझा डिरेलर मीडियम केज निघाला, कॅसेट आणतोय. अजून दोन शंका, मुक्काम तापोळ्यात की वर महाबळेश्वरला? आणि तापोळ्याच्या चढाला पाणी-नाश्ता मिळतो का?

मीनल_घाटवाटा:
मुक्काम तापोळ्यातच. पाण्याकाठी साधी घरगुती राहायची सोय असते, जेवण आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी गेलात तर भात-आमटीवर भागवावं लागतं (ते पण चांगलंच असतं म्हणा). दुपारी लाँचमधून उतरून लगेच ७०० मीटर चढायला घेऊ नका. आणि संध्याकाळी किंवा पहाटे अंधारात त्या रस्त्याला अजिबात नको, गवे येतात. गवा लांबूनच दिसला तर थांबायचं, बेल वाजवायची नाही, तो आपणहून जाईपर्यंत उभं राहायचं. आमच्या पुढे एक रस्ता अडवून बसल्यासारखा उभा होता, मागून जीप आली तेव्हा कुठे हलला.
चढाला मध्ये एखादी टपरी उघडी असते, एखादी बंद, भरवसा ठेवू नका. दोन-दोन बाटल्या आणि खिशात चिक्की.

सातारकर_कंदी:
वर पोचलात की वेण्णा लेकला घोडे आणि मक्याची कणसं, तिथे पाच मिनिटंच. नाश्ता बाजाराच्या थोडं आधी करा, स्वस्त पडतो. मग केळघर घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, विशेषतः रिम ब्रेक असतील तर. वळणाआधी दाबा, मग सोडा. पावसाळ्यात तिथे दरडी येतात, त्यामुळे दिवाळीनंतरही कडेला बारीक खडी सांडलेली सापडते, वळणावर आतल्या बाजूला झुकू नका.
मेढा गेलं की पाय सुटतात. कण्हेर धरणाचं पाणी बाजूने दिसत राहतं, वारा समोरून असतो साधारणपणे, तिघांनी आळीपाळीने पुढे राहा. गाडी कुठे लावणार ते आधी कळवा, माझ्या ओळखीच्या एका काकांचं अंगण आहे समर्थ मंदिराच्या बाजूला, दोन दिवस लावायला ते पैसे घेत नाहीत पण पेढ्यांचा पुडा घ्यावाच लागेल, आणि तो साताऱ्यातलाच, पुण्यातून आणलेला चालत नाही.