एन.ए. (शेतजमीन बिगरशेती) करताना तुमची फाइल कुठं अडकली?

लातूरला राहतो. औशाकडं रस्त्याला लागून वडिलोपार्जित तीस गुंठे आहेत, सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर. तिथं घर आणि पुढच्या बाजूला खताचं दुकान काढायचा विचार आहे. एजंट म्हणतो, सगळं माझ्यावर सोडा. मेव्हणा म्हणतो, आता एन.ए. लागतच नाही. मराठवाड्यात ज्यांनी स्वतः फाइल फिरवली त्यांनी अनुभव लिहावेत. कायद्याची कलमं वाचायला मिळतात, पण गाडं कुठं अडलं आणि कशानं सुटलं, ते कुणी सांगत नाही. ऑफिसची आणि साहेबांची नावं नकोत.

गोदाकाठ (परभणी जिल्हा)
तुमच्या मेव्हण्याचं अर्धं खरं आहे. महसूल संहितेत 42-ड आलं, त्यानुसार आम्ही काम केलं तेव्हा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक (म्हणजे बिगरशेती) धरायचे. रूपांतर कर आणि अकृषिक सारा भरून सनद (तसा सरकारी दाखला) घ्यावी लागायची. पण 200 मीटर मोजायचे कुठून? आमच्या गावाची वस्ती कधीच गावठाणाबाहेर गेलीय आणि नकाशावर हद्द जुनीच. शेवटच्या घरापासून टेप धरून उपयोग नव्हता, नकाशावरची हद्दच धरायचे. म्हणून मोजणी आली. मोजणीची नोटीस निघाली की ज्या चुलत्यानं कधी बांधाकडं बघितलं नाही तोही हरकत घेऊन उभा राहतो. आमचा अख्खा उन्हाळा त्यात गेला. कर भरून सनद हातात यायला त्या मानानं काहीच वेळ लागला नाही.

आणखी एक. आमचा गट जायकवाडी डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. चारीला पाणी येऊन किती वर्षं झाली ते विचारू नका, पण कागदावर भिजतंय म्हटल्यावर पाटबंधाऱ्याचं ना-हरकत मागितलंच.

कास्तकार (जालना)
सातबाऱ्यावर वरचं नाव सगळे बघतात. खाली ‘इतर हक्क’ आहे, तिथं बघा. आमच्या आजोबांना ही जमीन कुळ म्हणून मिळाली, 1950 च्या हैदराबाद कुळकायद्याखाली, 38-ई चं (कुळ मालक झाल्याचं) प्रमाणपत्र. पुणे-नाशिककडच्या पाहुण्यांना हे समजावताना दमछाक होते, त्यांचा कुळकायदाच वेगळा. तर आमच्या इतर हक्कात ‘कलम 50-ब ला अधीन’ अशी ओळ होती, म्हणजे परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही अशी शर्त. गोदामासाठी अर्ज केला तर टेबलावरच सांगितलं, आधी ही शर्त काढा. एजंटानं त्याचा असा काही आकडा सांगितला की आई म्हणाली, राहू दे गोदाम. वकिलानं मात्र नियम दाखवला: प्रमाणपत्राला दहा वर्षं उलटली असतील तर साऱ्याच्या चाळीस पट भरून मोकळं होता येतं. आमचा आकार (सारा) रुपयांत मोजण्यासारखा, त्याची चाळीस पट म्हणजे एजंटाच्या एका दिवसाच्या पेट्रोलएवढी! चलन भरलं, फेरफार झाला, शर्त कमी झाली.

खरं झुंजावं लागलं ते प्रमाणपत्रासाठी. घरची प्रत वाळवीनं खाल्लेली. रेकॉर्ड रूममध्ये 1954-55 चं खासरा पत्रक मिळालं, त्याआधीचे कागद उर्दूत. गावातल्या मशिदीशेजारी राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनी ते वाचून दाखवले म्हणून कळलं की आजोबांचं नाव कुठं आहे. त्यावरून संचिका क्रमांक शोधला आणि नक्कल मिळाली. ज्यांची जमीन इनामाची आहे त्यांचं प्रकरण याहून वेगळं. तिथं वर्ग-2 (सरकारी शर्तीवर मिळालेली जमीन) आणि नजराणा (त्यासाठी सरकारला भरायची रक्कम) आला, त्याला हा चाळीस पटीचा हिशेब लावू नका.

लेकीचा हिस्सा (बीड)
वडील गेल्यावर मी आणि दोन भाऊ, सातबारा समाईक. मला माझ्या वाट्यात घर बांधायचं होतं. समाईक खात्यात सगळ्यांच्या सह्या लागतात. धाकटा भाऊ सही द्यायला तयार, पण वहिनीला वाटायचं की ही सही म्हणजे हिस्सा गेला. कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेतलं, पोटहिस्सा वेगळा पडला, मग माझा अर्ज माझ्या एकटीचा. सरकारी कामापेक्षा घरातलं बोलणं अवघड होतं, आणि ‘बाईला कशाला पाहिजे प्लॉट’ हे तर प्रत्येक टेबलावर ऐकलं.

नांदेडकर
आधी झोन दाखला काढा, आराखड्यात जमीन कशासाठी ठेवलीय ते त्यात कळतं. पिवळ्यात (राहण्याच्या झोनमध्ये) असाल तर पुढं बोला, हिरव्यात (शेतीच्या झोनमध्ये) असाल तर घराचा आणि दुकानाचा नियम वेगवेगळा पडतो.

बॉण्डवाला प्लॉट (छत्रपती संभाजीनगर)
आमची वसाहत बॉण्ड पेपरवर विकलेली, एन.ए. लेआउट कधी झालाच नाही. गुंठेवारी कायद्यात (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याच्या) नियमित करून घेतलं, कारण घर 31 डिसेंबर 2020 च्या आधीचं होतं आणि वीजबिल, घरपट्टी दोन्ही जुनी होती. शेजाऱ्याकडं तारखेचा पुरावाच नाही. धागाकर्त्याला याचा उपयोग नाही, पण वाचणाऱ्यांत असे पुष्कळ असतील.

कास्तकार (जालना)
धागाकर्ते, तुम्ही रस्त्याला लागून म्हणालात ते राहूनच गेलं. रस्ता कोणत्या दर्जाचा आहे ते बांधकाम खात्यात विचारा. बांधकामासाठी अंतर रस्त्याच्या मध्यापासून धरतात, डांबराच्या कडेपासून नाही. तेवढं सोडून तीस गुंठ्यांतलं किती उरतं ते मोजणीवाल्याकडून नकाशावर आखून घ्या, आणि दुकान पुढं बसतं की घराच्या मागं जातं ते बघूनच नकाशा करायला द्या.