माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांना सरकारी मदत: तरतूद असूनही माणूस उपचारांपर्यंत का पोहोचत नाही?

मीरा_अभ्यासक

नमस्कार. सामाजिक धोरण या विषयातील माझ्या प्रबंधासाठी मी माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यावरील सरकारी योजनांचा अभ्यास करत आहे. वेगवेगळ्या देशांची कागदपत्रे वाचताना एक विसंगती वारंवार समोर येते. कागदावर तरतूद असते, निधी असतो, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन असते, आणि तरीही चौकशीसमोर साक्ष देणारी कुटुंबे सांगतात की मदत मिळेपर्यंत वेळ निघून गेली होती. ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घ्या. व्हिएतनाम युद्धातील सैनिकांसाठी तिथे १९८२ पासून स्वतंत्र समुपदेशन सेवा आहे. असे असूनही आजी-माजी सैनिकांच्या आत्महत्यांची चौकशी करण्यासाठी २०२१ मध्ये त्या देशाला रॉयल कमिशन नेमावे लागले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या अंतिम अहवालात १२२ शिफारशी कराव्या लागल्या.

अडथळा नेमका कुठे असतो, हे मला समजून घ्यायचे आहे. बहुतेक लेखांत 'सैनिक मदत मागायला लाजतात' एवढेच कारण दिलेले आढळते आणि मला ते अपुरे वाटते, कारण त्यामुळे सगळा दोष आजारी माणसाच्या स्वभावावर जातो आणि व्यवस्थेची तपासणी तिथेच थांबते. या क्षेत्रात काम केलेल्यांनी किंवा स्वतः सेवेत असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. सरकारने आपला पैसा आणि मनुष्यबळ सर्वप्रथम कुठे लावावे, याबद्दलही मत द्यावे.

सीमंतिनी

मी मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे आणि माजी सैनिक व त्यांच्या घरच्या मंडळींशी माझा सतत संबंध आला आहे. लाजेचे कारण अपुरे आहे, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. लाज असते, ती खरी असते. पण ती ओलांडून दारापर्यंत आलेल्या माणसाला आपण पुढे काय करायला लावतो, हे पाहिले पाहिजे.

असा माणूस क्वचितच 'मला मानसिक त्रास आहे' असे म्हणून येतो. तो गुडघेदुखीसाठी येतो, झोप लागत नाही म्हणून येतो, बहुतेक वेळा पत्नीने आग्रह केला म्हणून येतो. खोलीत आल्यावर दाराकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची निवडतो. बाहेर ट्रॉली आपटली की बोलणे अर्धवट राहते आणि धागा पुन्हा जुळायला दोन-तीन मिनिटे जातात. दारू किती, या प्रश्नाचे उत्तर तो स्वतः देत नाही. ते पत्नीच्या चेहऱ्यावर वाचावे लागते. या माणसाच्या हातात पहिल्याच भेटीत एक अर्ज ठेवला जातो आणि ज्या घटनेमुळे त्रास सुरू झाला तिची तारीख, ठिकाण, तुकडी आणि साक्षीदार लिहायला सांगितले जाते. स्मृती टाळणे हे आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, मूळ लक्षण आहे आणि अर्जाची पहिली मागणी त्याच स्मृतीची असते. तो अर्ज घरी नेतो आणि परत येत नाही. आपण नोंदवहीत लिहितो, 'रुग्णाने पाठपुरावा केला नाही.'

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की उपचार आणि भरपाई यांची गाठ सोडवली पाहिजे. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन किती द्यायचे, हे ठरवताना आजाराचा सेवेशी संबंध तपासावा लागणारच, कारण तिथे सार्वजनिक पैशाचा आणि इतर दावेदारांशी न्यायाचा प्रश्न आहे. परंतु समुपदेशकासमोर बसण्यासाठी हा पुरावा कशाला हवा? ऑस्ट्रेलियाने २०१७ पासून हीच दिशा घेतली. पूर्ण वेळ सेवेचा एक दिवस जरी झाला असेल, तरी कोणत्याही मानसिक आजारावरील उपचारांचा खर्च सरकार करते आणि आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करावे लागत नाही. कॅनडाने एप्रिल २०२२ पासून वेगळा मार्ग काढला: मानसिक आजाराचा दावा दाखल होताच उपचारांचा खर्च मिळू लागतो आणि निर्णय होईपर्यंत दोन वर्षांपर्यंत तो चालू राहतो. अमेरिकेने २०१० मध्ये पुराव्याचीच अट सैल केली. शत्रूच्या किंवा दहशतवादी कारवाईच्या भीतीतून पीटीएसडी झाला असेल, ती भीती सैनिकाच्या सेवेच्या ठिकाणाशी व स्वरूपाशी सुसंगत असेल आणि माजी सैनिक विभागाच्या तज्ज्ञाने तसे निदान केले असेल, तर विशिष्ट घटनेची स्वतंत्र कागदोपत्री पुष्टी मागितली जात नाही. पुरवठा वाहनांच्या चालकांना, स्वयंपाक्यांना आणि कारकुनांना याचा मोठा आधार झाला, कारण लढाऊ तुकडीत नसल्यामुळे त्यांच्या भीतीची नोंद कुठल्याच दैनंदिनीत नव्हती.

उपचार मोकळे झाले, तरी भरपाईचे दावे तुंबले तर काय होते, हेही ऑस्ट्रेलियातच दिसते. तिथल्या आयोगाला ऑगस्ट २०२२ च्या अंतरिम अहवालातच तुंबलेल्या दाव्यांबद्दल कडक शब्दांत लिहावे लागले. चाळीस हजारांहून अधिक दावे निर्णयाविना पडून होते. दावा प्रलंबित असताना माणूस बरा होण्याच्या मार्गावर जाऊच शकत नाही, कारण बरे वाटू लागले असे म्हटले तर दावा कमकुवत होईल, ही भीती त्याला असते. या भीतीत फसवेगिरी शोधू नये. घरातली मिळकत त्या एका कागदावर अवलंबून असते.

सुभेदार_निवृत्त

मीराताई, मी सेवेतून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे पुस्तकी भाग इतरांवर सोपवतो. सीमंतिनीताईंचे अर्जाबद्दलचे निरीक्षण अचूक आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट सेवामुक्तीच्या काळाची. गणवेश उतरतो त्या दिवशी माणसाचे केवळ काम संपत नाही. पहाटे कधी उठायचे, कोणाबरोबर जेवायचे, कोणाला उत्तर द्यायचे, हे सगळे एकदम नाहीसे होते. जो स्वतःहून, ठरवून निवृत्त होतो त्याला तयारीला वेळ मिळतो. ज्याला वैद्यकीय कारणाने अचानक बाहेर पडावे लागते तो आजारी असतो, नाइलाजाने बाहेर पडतो आणि बरोबरीच्या माणसांपासूनही तुटतो. सर्वांत अधिक लक्ष द्यायला हवे ते याच गटाकडे, आणि कागदपत्रे सैन्याच्या रुग्णालयातून नागरी रुग्णालयात पोहोचायला नेमका याच वेळी उशीर होतो. इंग्लंडमध्ये 'ऑप करेज' या नावाने २०२१ मध्ये जी सेवा एकत्र केली गेली, तिच्यात मला हे आवडले की सैन्य सोडण्याच्या बेतात असलेल्यालाही तिथे जाता येते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येते.

दुसरी गोष्ट फार कमी बोलली जाते. काही जवानांना शिस्तभंगासाठी काढून टाकले जाते: दारू, मारामारी, न सांगता गैरहजर राहणे. यांतल्या काहींच्या बाबतीत ती वर्तणूक हाच आजाराचा पहिला पुरावा होता. माणूस बदलला होता, हे त्याच्या हाताखालच्यांनाही दिसत होते. शिक्षा झाली आणि शिक्षेबरोबर उपचारांचा हक्कही गेला. मी शिस्तीच्या विरोधात नाही. शिस्तीशिवाय तुकडी उभी राहत नाही. तरीही पगार, पद आणि मान काढून घेतल्यावर औषधही काढून घेणे हे कोणत्या न्यायात बसते? अमेरिकेने जुलै २०१७ पासून अशा प्रकारे सेवामुक्त झालेल्यांना संकटकाळात ९० दिवसांपर्यंत मानसिक उपचार देण्यास सुरुवात केली. उशिरा झाले, पण योग्य झाले. इतिहासात याहून कठोर उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये. त्यांतले काही मनाने पूर्ण मोडलेले होते, हे तेव्हाच्या कागदपत्रांतूनही दिसते.

मीरा_अभ्यासक

दोघांचेही मनापासून आभार. शिस्तभंगाचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. तो आता स्वतंत्र प्रकरण म्हणून घेईन. एक पुढचा प्रश्न. समजा पुराव्याची अट काढली आणि दार सर्वांसाठी उघडले, तर आत पुरेसे आणि योग्य उपचार आहेत का? की केवळ रांग लांब होईल? आणि एखादी योजना काम करते आहे, हे कोणत्या आकड्यांवरून ओळखावे?

कार्यकारण

मी आरोग्य व्यवस्थापनात काम करतो, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

उपचार आहेत. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये आले आणि तेव्हापासून बरेच संशोधन झाले आहे. ज्या स्मृतीला माणूस टाळतो तिच्याकडे तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने जाण्याच्या पद्धती, तसेच घटनेबद्दल मनात पक्क्या बसलेल्या समजुती तपासण्याच्या पद्धती, यांना सर्वांत भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत अशा उपचारांना औषधांपेक्षा प्राधान्य दिले आहे आणि झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या या विकारासाठी देऊ नयेत असे सांगितले आहे. प्रत्यक्षात मात्र प्रशिक्षित माणूस नसला की गोळीच दिली जाते, कारण चिठ्ठी लिहायला काही मिनिटे लागतात आणि या उपचारांना दर आठवड्याला तासभर, तोही तीन-चार महिने. त्यामुळे रांग लांब होईल ही तुमची भीती रास्त आहे. नवी इमारत किंवा नवी हेल्पलाइन जाहीर करण्याआधी या पद्धती शिकवणारे आणि शिकणाऱ्यांवर देखरेख करणारे लोक तयार करण्यावर खर्च झाला पाहिजे, असे मला वाटते.

दुसरा खर्च समदुःखी माणसांवर. अमेरिकेत १९७९ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्यांसाठी 'व्हेट सेंटर' सुरू झाली, ती मुद्दाम मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर. तिथले अनेक समुपदेशक स्वतः माजी सैनिक असतात, आणि तिथल्या नोंदी संमतीशिवाय सैन्याकडे किंवा रुग्णालयाकडे जात नाहीत. नोंद कुठे जाईल, ही चिंता फार खोलवर असते. कॅनडातही २००१ पासून सरकारच्या आधाराने समदुःखी सैनिकांच्या सोबतीचे जाळे उभे आहे आणि त्यात कुटुंबीयांनाही जागा आहे. अशी सोबत उपचारांची जागा घेत नाही. ती माणसाला उपचारांत टिकवून ठेवते, आणि उपचार अर्ध्यावर सोडणे ही या क्षेत्रातली फार मोठी अडचण आहे.

आता मोजमाप. किती कॉल आले, किती शिबिरे झाली, किती निधी वाटला, हे आकडे अहवालात छान दिसतात, पण त्यांवरून कोणी बरे झाले की नाही, हे कळत नाही. मी तीन गोष्टी पाहीन. पहिला संपर्क आणि प्रत्यक्ष उपचारांची पहिली बैठक यांत किती दिवस गेले. सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी उपचार पूर्ण केले. आणि सेवामुक्तीनंतरच्या पहिल्या वर्षात किती जणांशी व्यवस्थेने स्वतःहून संपर्क साधला. पहिला आकडा सरासरीत देऊ नये, कारण सरासरीत सर्वाधिक थांबलेला माणूस लपतो. ज्यांना सर्वांत जास्त थांबावे लागले त्यांचा आकडा वेगळा मागावा, आणि त्यात सुभेदारसाहेबांनी सांगितलेले दोन गट, म्हणजे वैद्यकीय कारणाने आणि शिस्तभंगामुळे बाहेर पडलेले, स्वतंत्र रकान्यांत दाखवायला सांगावे. ज्या खात्याकडे हे रकानेच नाहीत, तिथे तुमच्या प्रबंधाची पहिली शिफारस तीच असू द्या.